सोबतीचे यंत्र आणि आठवणींची खातेवही

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील अनेक आईबापांवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. त्यांच्या घरी 'मॉक्सी' नावाचा एक लहानसा यंत्रमानव होता. मुलांशी गप्पा मारणे, त्यांचा चेहरा व आवाज पाहून त्यांची मनःस्थिती ओळखणे, रुसलेल्याची समजूत घालणे आणि काल काय बोलणे झाले ते आज आठवणीने विचारणे, हे त्याचे काम. किंमत सुमारे ८०० डॉलर. तो तयार करणाऱ्या 'एम्बॉडीड' या कंपनीने त्या महिन्यात जाहीर केले की, अपेक्षित भांडवल न मिळाल्यामुळे कंपनी व्यवसाय गुंडाळत आहे आणि तिचे संगणक बंद पडले की मॉक्सीही बोलेनासा होईल. मुलांना ही गोष्ट कशी सांगावी, याचे एक पत्रही कंपनीने पालकांसाठी तयार केले होते. व्यापारात कंपन्या बुडतात, हे नवे नाही. परंतु एका कंपनीचे भांडवल आटले म्हणून दूरच्या घरातील मुलाचा सवंगडी एकाएकी मुका व्हावा, ही घटना मात्र अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आजवर कोठे आलेली नाही.

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी हा मजकूर वाचणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला ही कथा साता समुद्रापलीकडची वाटणे स्वाभाविक आहे. कापसाचा भाव, सोयाबीनचे उत्पन्न आणि मुलाची नोकरी या तीन चिंतांमध्ये यंत्रमानवाला जागा कोठे? तथापि हा विषय दिसतो तितका दूरचा नाही. पहिले कारण असे की, या जातीची यंत्रे आपल्याच राज्यात तयार होतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या उणिवेवर हा व्यापार उभा आहे ती माणसाच्या सोबतीची उणीव वऱ्हाडातील गावागावांत आज दिसू लागली आहे. आणि जेथे उणीव असते तेथे विक्रेता आज ना उद्या पोहोचतोच.

यंत्राला भावना कशी 'कळते'?

यंत्राशी बोलताना मनुष्य किती लवकर विरघळतो, याचा पहिला धडा १९६६ चा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा एक साधा संगणक-कार्यक्रम रचला. समोरच्याने टंकलिखित केलेले वाक्य थोडे फिरवून प्रश्नाच्या रूपाने परत करणे, एवढीच त्याची करामत होती. तरीही वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनी काही वेळ त्याच्याशी संवाद केल्यावर प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या अनुभवाने अस्वस्थ झालेल्या वायझेनबाउम यांनी पुढे १९७६ मध्ये संगणकाकडे कोणती कामे सोपवू नयेत, या विषयावर एक ग्रंथच लिहिला. त्यानंतर, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, त्याच संस्थेत सिंथिया ब्रिझील यांनी 'किस्मत' या नावाचे एक यांत्रिक मस्तक बनविले. त्याला भुवया होत्या, कान होते, ओठ होते आणि समोरच्याच्या आवाजाचा सूर ऐकून ते आनंदी किंवा खिन्न चर्या करीत असे. आजच्या सोबती यंत्रमानवांची वंशावळ येथून सुरू होते.

त्यांची कार्यपद्धती समजण्यास कठीण नाही. कॅमेरा चेहरा टिपतो, मायक्रोफोन आवाजाचा चढउतार टिपतो. संगणक त्यांची तुलना आधी साठविलेल्या असंख्य नमुन्यांशी करतो आणि 'आनंद', 'दुःख', 'राग' यांपैकी एखादा शिक्का त्यावर मारतो. मग त्या शिक्क्याला शोभेल असे वाक्य आणि डोळ्यांची हालचाल निवडली जाते. यालाच भावना ओळखणे असे म्हणतात. परंतु लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष असा होता की, केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून आतली भावना खात्रीने सांगता येत नाही. रागावलेला मनुष्य दरवेळी कपाळाला आठ्या घालतोच असे नाही. आणि आठ्या घालणारा दरवेळी रागावलेलाच असतो असेही नाही.

वऱ्हाडातील वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. येथे प्रेमाचा सूरही अनेकदा दटावणीचाच असतो. दुःखात असलेला शेतकरी 'मी खिन्न आहे' असे कधी म्हणत नाही. 'टेन्शन आहे', 'डोकं जड पडलं', 'जेवन जात नाही' असे तो म्हणतो, आणि पुष्कळदा तेही म्हणत नाही. ओसरीवर नुसता बसून राहतो. ते बसणे नेहमीचे आहे की वेगळे, हे शेजाऱ्याला कळते. कारण शेजाऱ्याने त्याला वीस वर्षे बसलेला पाहिलेला असतो.

यंत्राच्या निर्मात्यांनाही ही उणीव ठाऊक आहे. एका क्षणाच्या चेहऱ्यावरून जे कळत नाही ते दीर्घ सहवासातून कळावे, असा त्यांचा नवा प्रयत्न आहे. यंत्राने महिनोन्महिने त्याच व्यक्तीकडे पाहावे, तिच्या सवयी, तिचे आवडते विषय, तिच्या झोपेच्या वेळा टिपून ठेवाव्यात आणि आपले वागणे त्यानुसार बदलत न्यावे, अशी ही योजना आहे. तिला एक व्यापारी कारणही आहे. जपानमधील एका प्राथमिक शाळेत इंग्रजी बोलणारे 'रोबोव्ही' नावाचे यंत्रमानव ठेवून जो प्रयोग झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या आठवड्यात मुलांची झुंबड उडाली आणि दुसऱ्या आठवड्यात ती ओसरली. आठवण नसलेले यंत्र लवकर कंटाळवाणे होते. म्हणून यंत्राला आठवण देणे भाग पडले. सारा आर्थिक प्रश्न येथूनच उद्भवतो, कारण ही आठवण कोठे तरी साठवावी लागते आणि साठवणाऱ्याची तिच्यावर मालकी निर्माण होते.

महाराष्ट्रातील उद्योग

आयआयटी मुंबईत शिकलेले स्नेह वासवानी आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २०१५ मध्ये मुंबईत 'इमोटिक्स' ही कंपनी स्थापन केली आणि २०१७ मध्ये 'मिको' हा मुलांचा सोबती यंत्रमानव बाजारात आणला. मुलाला ओळखणारा, त्याच्याशी बोलता बोलता शिकविणारा आणि त्याच्या मनःस्थितीला प्रतिसाद देणारा, असे त्याचे वर्णन कंपनीने केले. २०२१ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. आज तो अमेरिकेसह अनेक देशांत विकला जातो. यंत्राच्या किमतीबरोबरच अधिक गोष्टी व खेळ हवे असल्यास वर्गणी भरावी लागते. भारतीय अभियंत्यांनी या अवघड क्षेत्रात जागतिक बाजारात स्थान मिळवावे, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. त्याच २०२१ मध्ये मुंबईच्या आयआयटी परिसरातील केंद्रीय विद्यालयातील शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तूंतून 'शालू' नावाची यंत्रमानव-स्त्री घडविली. ती मराठीसह अनेक भाषांत बोलते. तात्पर्य, कौशल्याचा तुटवडा आपल्याकडे नाही. तुटवडा असेल तर तो अशा यंत्राबरोबर येणाऱ्या करारनाम्याकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचा आहे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष विचारात घेतली पाहिजे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडाचा बैल सजवून, त्याला चाके लावून घरोघर नेतात. तो बैल बोलत नाही, मान हलवीत नाही, कोणाला ओळखतही नाही. म्हणूनच त्याला नाव ठेवणे, त्याला भूक लागली आहे असे ठरविणे, त्याच्यावर रागावणे, ही सर्व कामे मुलाला स्वतः करावी लागतात. भातुकलीतील बाहुलीचेही तेच. मुक्या खेळण्याशी खेळताना मूल भावनेचा पुरवठा स्वतः करीत असते आणि त्या पुरवठ्यातूनच दुसऱ्याच्या जागी आपल्याला ठेवून पाहण्याची शक्ती त्याच्यात वाढते. बोलक्या यंत्रात हा पुरवठा उलट्या दिशेने होतो: यंत्र भावना पुरविते, मूल ती घेते. शिवाय ते यंत्र कधी थकत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही, डावात रडी खेळत नाही. शेजारच्या पोराशी भांडून पुन्हा गट्टी करण्यात जो अभ्यास होतो तो येथे होत नाही. हे यंत्र मुलाला काही शिकवीत नाही असा याचा अर्थ नव्हे. पाढे, शब्द, गोष्टी ते उत्तम शिकवील. माणसांत राहण्याचे शिक्षण मात्र माणसांतच मिळते.

मागे राहिलेली माणसे

सोबतीची खरी मोठी बाजारपेठ वृद्धांची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. देशाचे प्रमाण ८.६ टक्के. ते त्यानंतर वाढतच गेले आहे. जिल्ह्यातीलच चांदूर बाजारपासून वेगळे ओळखू यावे म्हणून या गावाच्या नावाला 'रेल्वे' जोडलेले आहे. आज मात्र त्या रेल्वेचा अर्थ अनेक कुटुंबांना वेगळाच जाणवतो. अभियांत्रिकी वा संगणकाचे शिक्षण घेतलेला मुलगा पुण्यास, मुलगी बंगळूरला, एखादा भाचा अमेरिकेत; आणि येथे दोन म्हातारी माणसे, पुढे त्यांतले एकच. पैसा महिन्याच्या महिन्यास खात्यावर येतो. संध्याकाळ मात्र कोणी पाठवू शकत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे आणि उपविभागीय स्तरावर त्याचे न्यायाधिकरणही आहे. परंतु कायद्याने पोटगी मिळवून देता येते, विचारपूस मिळवून देता येत नाही.

हीच अडचण अधिक श्रीमंत देशांनी आपल्या आधी अनुभवली. दक्षिण कोरियात अनेक स्थानिक शासनसंस्थांनी एकट्या वृद्धांना 'ह्योडोल' नावाची नातवंडासारखी दिसणारी बोलकी बाहुली दिली. अशा दहा हजारांहून अधिक बाहुल्या तेथे वाटल्या गेल्या आहेत. ती औषधाची आठवण करते, डोक्यावरून हात फिरविला की लाडिक बोलते आणि बराच वेळ हालचाल न दिसल्यास कळविते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठ नागरिक विभागाने २०२२ मध्ये आठशेहून अधिक वृद्धांना 'एलिक्यू' हे सोबती यंत्र देण्याची योजना जाहीर केली. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी सील माशाच्या पिल्लासारखा, मऊ केसांचा 'पारो' तयार केला. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी तो अनेक देशांतील वृद्धाश्रमांत वापरला जातो.

या यंत्रांचा उपयोग होतो काय? होतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील २८ शुश्रूषागृहांतील ४१५ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर पारोचा जो प्रयोग झाला त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीची शुश्रूषा मिळणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत पारो जवळ असलेल्या रुग्णांची अस्वस्थता कमी झाली. परंतु त्याच प्रयोगात काही रुग्णांना यंत्र बंद केलेला, नुसता मऊ खेळण्यासारखा पारो देण्यात आला होता. बोलणेचालणे आणि लक्ष देणे या बाबतीत जिवंत वाटणारे यंत्र सरस ठरले. मात्र इतर बाबतींत बंद खेळण्यापेक्षा त्याचा विशेष अधिक लाभ दिसला नाही. पारोची किंमत सहा हजार डॉलरच्या घरात, म्हणजे पाच लाख रुपयांहून अधिक आहे. इकडे आपल्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे दरमहा २०० रुपयांवर राहिला आणि राज्याने २०२३ मध्ये एकूण रक्कम १५०० रुपये केली. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे कोणता प्रश्न आधी सोडवावयाचा, याचा विचार आपोआप सुरू होतो.

ठेव कोणाची, वही कोणाची?

नेहमीची वस्तू वापरली की झिजते. सायकल जुनी होते, पंखा जुना होतो, त्यांचे मोल उतरते. आठवण ठेवणाऱ्या सोबती यंत्राचे मोल मात्र वापराने वाढते. पहिल्या दिवशी ते परके असते. तीन वर्षांनी त्याला आजोबांच्या गुडघ्याचे दुखणे, धाकट्या लेकीचे नाव आणि दिवंगत आजीची आवडती भाजी हे सर्व माहीत असते. हे वाढलेले मोल कोणी निर्माण केले? कंपनीने यंत्र दिले हे खरे. पण बोलला मनुष्य. रोज थोडे थोडे बोलून, मन मोकळे करून त्यानेच ही ठेव जमा केली. ठेव त्याची असली तरी वही कंपनीकडे असते, आणि वहीशिवाय यंत्र म्हणजे प्लास्टिकचा डबा.

वऱ्हाडाला अशा वहीचा अनुभव जुना आहे. सावकाराचे कर्ज जाचक होते त्याचे एक कारण व्याजाचा दर होता. दुसरे कारण असे की, हिशेब एकाच बाजूकडे असे. देणे किती, फेडले किती, हे वहीवाल्याने सांगावे आणि कुळाने मान डोलवावी. बियाण्याचेही असेच झाले. घरच्या कापसातून पुढच्या पेरणीची सरकी राखून ठेवणारा शेतकरी संकरित वाणांमुळे आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसामुळे दरवर्षी पाकीट विकत घेऊ लागला. उत्पन्नाचा लाभ त्याला काही काळ झाला, हे नाकारता येत नाही. परंतु जे घरात राखता येत होते ते बाजारावर अवलंबून झाले आणि भाव ठरविण्याची शक्ती दुसऱ्याच्या हाती गेली. सोबतीच्या बाबतीत हीच वाट आपण पुन्हा चालणार असू, तर निदान माहिती करून घेऊन चालावे.

अर्थशास्त्रात सोडून जाण्याची किंमत म्हणून एक कल्पना आहे. एखादा पुरवठादार बदलण्यास जितका त्रास व तोटा, तितकी त्या पुरवठादाराची ग्राहकावरील पकड अधिक. दुधवाला बदलण्यास काही लागत नाही, बँकेचे खाते बदलण्यास थोडे लागते. तीन वर्षे सुखदुःख ऐकलेला सोबती बदलण्यास काय लागेल? ज्या दिवशी वर्गणी वाढेल त्या दिवशी एकटी आजी किंवा आठ वर्षांचा नातू घासाघीस करण्याच्या स्थितीत नसेल. कंपन्या वर्गणी वाढवतीलच असे नव्हे. त्या वाढवू शकतील आणि ग्राहक नाही म्हणू शकणार नाही, एवढी विषमता चिंतेला पुरेशी आहे.

या धंद्याचा इतिहासही अस्थिरतेचाच आहे. सोनी कंपनीने १९९९ मध्ये 'आयबो' नावाचा यांत्रिक कुत्रा आणला, २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबविले आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. त्यानंतर जपानमधील इसुमी येथील एका बौद्ध मंदिरात २०१५ पासून बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले. नवा आयबो २०१८ मध्ये आला. पण ज्यांचा जुना गेला त्यांना तो परत मिळाला नाही. सॉफ्टबँकेच्या 'पेपर' या भावना ओळखणाऱ्या यंत्रमानवाचे पहिले एक हजार नग २०१५ मध्ये एका मिनिटात विकले गेले. २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. सिंथिया ब्रिझील यांच्याच 'जिबो'साठी २०१४ मध्ये लोकांनी पस्तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ दिली; २०१७ मध्ये तो घरोघर पोहोचला आणि २०१९ मध्ये आपले संगणक लवकरच बंद होणार असे स्वतःच्याच तोंडाने सांगून त्याने निरोप घेतला. मॉक्सीची कथा ही या मालिकेतील पुढची कडी होय. माणसाचे नाते वीस-तीस वर्षांचे, गुंतवणूकदाराचा धीर पाच-सात वर्षांचा. या दोन मुदती जुळत नाहीत, हे या धंद्याचे मूळ दुखणे आहे.

अमरावतीचा धडा

माणसेच उपलब्ध नसतील तर यंत्र काय वाईट, असा सवाल यावर केला जाईल. तो फेटाळून लावण्याजोगा नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, काही कामांना यंत्रयुगाचा वेग लावता येत नाही. चार वादकांची रचना वाजविण्यास दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे लागत, आजही तितकीच आणि तितकाच वेळ लागतो. आजाऱ्याजवळ बसणे, म्हाताऱ्याचे ऐकणे ही कामे त्याच जातीची आहेत. कारखान्यातील उत्पादन स्वस्त होत गेले की ही कामे त्यांच्या तुलनेत महाग होत जातात आणि मग शासन व कुटुंब दोघेही त्यांत काटछाट करतात. यंत्राकडे धाव घेण्यामागे हे आर्थिक कारण आहे.

परंतु माणसे खरोखरच उपलब्ध नाहीत काय? अमरावती जिल्ह्याचाच अनुभव पाहण्यासारखा आहे. शेतकरी-आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबविण्यात आला. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेचे कार्यकर्ते त्यात होते. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जावे, खिन्नतेची लक्षणे ओळखावीत, धीर द्यावा. गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि त्याहून अधिक गरज असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, अशी ती रचना होती. राहुल शिधये, विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट सायकायट्री' या नियतकालिकात २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनंतर ते २७.२ टक्के झाले. म्हणजे सहापटीहून अधिक वाढ. त्यानंतरही जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक मदतीबाहेरच राहिले, हे विसरून चालणार नाही. तथापि ही वाढ महागड्या उपकरणाने घडविली नाही. ती गावच्या बोलीत विचारपूस करणाऱ्या, पुन्हा पुन्हा त्याच दारात जाणाऱ्या माणसांनी घडविली. काळाच्या ओघात मनुष्य ओळखत जाणे, ही जी क्षमता यंत्रात आणण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च होत आहेत, ती या कार्यकर्त्यांकडे मुळातच होती. त्यांना हवे होते प्रशिक्षण, देखरेख आणि वेळेवर मिळणारे मानधन.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रामीण भागात माणसांची टंचाई नाही. त्यांच्या वेळेचा मोबदला देण्याची तयारी नाही. तालुक्यात पदवी घेऊन काम शोधणारे तरुण-तरुणी आहेत आणि त्याच तालुक्यात बोलण्यास माणूस नसलेले वृद्ध आहेत. या दोघांना जोडणारी वेतनाची व्यवस्था मात्र नाही. २००५ पासून आलेल्या आशा कार्यकर्तीला आजही कर्मचारी न मानता मानधनावर राबविले जाते. यंत्राची खरेदी एकदाच होते, उद्घाटनाचे छायाचित्र निघते. कार्यकर्तीचे मानधन दरमहा द्यावे लागते. म्हणून सार्वजनिक तिजोरीला यंत्राचा मोह अधिक. वस्तुतः वर्गणी, दुरुस्ती आणि पाच वर्षांनी नवे यंत्र यांचा हिशेब मांडला तर यंत्राचा खर्चही दरमहाचाच आहे. फरक इतकाच की, तो तालुक्याबाहेर जातो. कार्यकर्तीचे मानधन येथल्याच बाजारात खर्च होते.

अटी घातल्याच पाहिजेत

यंत्राला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे होणार नाही. ऐकू कमी येणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा परदेशी राहणाऱ्या मुलाच्या एकट्या आईला औषधाची आठवण करणारे आणि पडल्यास शेजाऱ्याला कळविणारे यंत्र मोठा आधार ठरेल. स्वमग्न मुलांच्या शिक्षणातही अशा यंत्रांचे प्रयोग होत आहेत. प्रश्न अटींचा आहे आणि त्या बाजार रुजण्यापूर्वी घालाव्या लागतात.

पहिली अट वहीची. मनुष्याच्या आठवणी शक्यतो त्याच्या घरातील यंत्रातच राहाव्यात. त्या पाहण्याचा, पुसण्याचा आणि दुसऱ्या यंत्रात नेण्याचा हक्क त्याला असावा. भारताने २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती त्यात आवश्यक आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. येथे एक पेच आहे. मुलाच्या वर्तनाकडे सतत पाहिल्याविना हे यंत्र त्याला 'ओळखू' शकत नाही. मग पाळत कोठे संपते आणि सोबत कोठे सुरू होते? याचा निर्णय कंपन्यांच्या सोयीने न होता मुलांच्या हिताने व्हावा.

दुसरी अट मुदतीची. किती वर्षे सेवा चालेल, हे विक्रीच्या वेळी लेखी द्यावे. कंपनी बंद पडल्यास यंत्र स्वतंत्रपणे चालविता येईल असा कार्यक्रम ग्राहकास मिळावा. मॉक्सीच्या बाबतीत ओरड झाल्यावर अशी काही सोय पुढे करण्यात आली. म्हणजे ते अशक्य नाही. उपकार म्हणून जे मिळाले ते हक्क म्हणून मिळाले पाहिजे.

तिसरी अट शाळेची. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यानुसार वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणारी यंत्रे वापरण्यास फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांसाठीही असा नियम हवा. कोणता विद्यार्थी कंटाळला आहे हे कॅमेऱ्याने शिक्षकाला सांगावे, अशी वेळ आली तर दोष वर्गातील गर्दीचा मानावा आणि शिक्षकांची रिक्त पदे भरावीत.

चौथी अट सार्वजनिक पैशाची. वृद्धांच्या किंवा मुलांच्या सोबतीसाठी शासनाने यंत्र घेतले तर ते आशा, अंगणवाडी सेविका किंवा समुपदेशक यांच्या हाताखालचे साधन म्हणून घ्यावे, त्यांच्या जागी नव्हे. यंत्राने दिलेली सूचना ज्या माणसापर्यंत पोहोचायची तो माणूसच नेमलेला नसेल, तर सूचना ऐकणार कोण?

या अटी दिल्ली-मुंबईत ठरतील हे खरे. पण त्यांची मागणी तालुक्यांतून झाली नाही तर त्या ठरणारही नाहीत. शिक्षकांच्या संघटना, ग्राहक पंचायती, ज्येष्ठ नागरिकांची मंडळे, महाविद्यालयांतील विद्यार्थी यांनी हा विषय आतापासून हाती घ्यावा. बोलके यंत्र घरात येण्यापूर्वीच बोलका मोबाईल घरोघर आलेला आहे आणि त्याच्याशी मन मोकळे करणारी मुले वर्गावर्गांत आहेत. त्यांच्याशी हा हिशेब मोकळेपणाने बोलला पाहिजे. आज खरेदीच्या पावतीवर किंमत लिहिलेली असते, हमीची मुदत लिहिलेली असते. आठवणी कोणाच्या मालकीच्या, हेही तिच्यावर लिहून घेण्याची वेळ आलेली आहे.